मोफत समुपदेशन आणि महागडी चूक : कोल्हापुरातल्या परदेशी शिक्षणाच्या सल्ला केंद्रांबद्दल

राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत क्लासच्या पाट्या वाचत गेलं की मध्येच परदेशी झेंड्यांची पाटी दिसते. इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. खाली 'मोफत समुपदेशन', 'शंभर टक्के व्हिसा मार्गदर्शन'. डिग्रीच्या शेवटच्या वर्षातला मुलगा किंवा मुलगी आणि सोबत वडील, कधी मामा, असे दोघे-तिघे आत जातात. तासाभरात ते बाहेर येतात तेव्हा हातात पाच विद्यापीठांची यादी असते. हे परीक्षण त्या एका तासाचं आणि त्यानंतरच्या आठ-दहा महिन्यांच्या सेवेचं आहे. कुठल्या एका केंद्राचं नाव घेत नाही, कारण सेवेचा साचा सगळीकडे जवळपास सारखाच असतो: विद्यापीठ निवड, अर्ज, एसओपी (म्हणजे हाच कोर्स का करायचा हे सांगणारा विद्यार्थ्याचा निबंध) आणि शिफारसपत्रं, कर्जासाठी ओळख, व्हिसाची फाइल, शेवटी तिकीट आणि राहण्याची सोय.

मत आधीच सांगून टाकतो. व्हिसाची फाइल आणि कागदांची तपासणी या कामाला चांगल्या केंद्राला पैसे मोजायला हरकत नाही. देश आणि विद्यापीठ निवडायचं काम मात्र घरच्यांनी आणि विद्यार्थ्याने स्वतः करावं. परदेशात शिकून हाती काय लागणार, हे त्याच निवडीवर ठरतं. निवड चुकली तर पुढची फाइल कितीही नीट लावा, ती चुकीच्याच गावाला पोचवते.

समुपदेशन मोफत कसं परवडतं, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथली बरीच विद्यापीठं आणि कॉलेजं विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटला पहिल्या वर्षाच्या फीतला काही हिस्सा कमिशन म्हणून देतात. ही पद्धत उघड आहे, कायदेशीर आहे. पण तिचा परिणाम असा होतो की तुमच्यासमोर येणारी यादी ही केंद्राचा करार असलेल्या विद्यापीठांची असते. करार नसलेलं विद्यापीठ त्या यादीत सहसा नसतंच, मग ते तुमच्या विषयासाठी कितीही योग्य असो. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं असं कमिशन देत नाहीत. म्हणून केंद्राची परीक्षा घ्यायची तर एकच करा: जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांबद्दल विचारा. "ते अवघड आहे, तुम्हाला जमणार नाही, त्यापेक्षा हे खाजगी बघा" असं उत्तर आलं तर समजून घ्यावं. "त्याची आम्ही वेगळी फी घेतो, एवढी एवढी, आणि त्यात ही ही कामं येतात" असं उत्तर आलं तर ते केंद्र सरळ आहे. फी घेणं यात काही गैर नाही. कोण कुणाकडून पैसे घेतं हे दिसलं म्हणजे झालं.

जर्मनीचं उदाहरण थोडं उलगडून सांगायला हवं, कारण कोल्हापुरात इंजिनिअरिंग केलेल्यांसाठी तो सगळ्यात विचार करण्याजोगा मार्ग आहे आणि त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त अर्धवट माहिती दिली जाते. 'शिक्षण फुकट' हे वाक्य पूर्ण खरं नाही. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठात शिकवणी फी नसते, सत्राला साधारण १०० ते ४०० युरो वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो फी आहे. म्हणजे कार्ल्सरूह आणि श्टुटगार्ट यात आली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्ससाठी सत्राला ४००० ते ६००० युरो लावले आहेत. यादी हातात आली की त्या विद्यापीठाचं राज्य कुठलं ते आधी बघा.

दुसरी गोष्ट मार्कांची. जर्मनीत १ हा सगळ्यात चांगला आणि ४ हा काठावर पास असा क्रम आहे. आपले मार्क तिकडे वळवायला एक ठरलेलं सूत्र वापरतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान पास यांच्यातल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी ८ सीजीपीए आणि पास व्हायला ४ धरले तर उत्तर २.० येतं. ७ असेल तर २.५. पण पासची रेषा ४ ऐवजी ५ धरली तर तोच ८ सीजीपीए २.२ वर घसरतो आणि ७ चा २.८ होतो. बऱ्याच मास्टर्सना २.५ ची अट असते, त्यामुळे हा एक आकडा अर्ज तारतो किंवा मारतो. म्हणून किमान पास श्रेणी कुठली, हे मार्कलिस्टच्या मागे छापलेलं असो किंवा विद्यापीठाच्या पत्रात, ते स्पष्ट दिसलं पाहिजे. हे गणित कागदावर करून दाखवणारा सल्लागार मिळाला तर त्याचं ऐकावं. 'प्रोफाइल स्ट्राँग आहे' एवढंच म्हणणाऱ्याला हे सूत्र लिहायला सांगावं.

आणि विषय? इथे केंद्रांची सेवा सगळ्यात तोकडी पडते. कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आहे, फाउंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाची, दोन-तीन पिढ्यांची परंपरा आहे. ज्या घरात मोल्डिंग सँड, कोअर आणि ब्लो-होल हे शब्द जेवताना कानावर पडतात, त्या घरातल्या मुलाला सरसकट 'डेटा सायन्स' किंवा 'इंटरनॅशनल बिझनेस' सुचवलं जातं. का, तर त्या कोर्सच्या जागा भरपूर आणि प्रवेश सोपा. जर्मनीत फ्रायबेर्गला १७६५ मध्ये स्थापन झालेलं खाणकाम आणि धातुशास्त्राचं विद्यापीठ आहे आणि त्याची स्वतःची फाउंड्री संस्था आहे. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातही फाउंड्रीचा स्वतंत्र विभाग आहे. ओतकामातला दोष सिम्युलेशनवर आधी पकडायला शिकून आलेला मुलगा घरच्या कारखान्याला आणि तिथल्या नोकरीलाही कामाचा. शेतीकडच्या मुलांसाठी नेदरलँड्समधलं वाखेनिंगेन आहे; तिथे फी भरपूर आहे, पण शेती आणि अन्न या विषयांत त्याचं नाव जगात वर घेतलं जातं. कोर्स शोधायला डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर भाषा, फी आणि विषय निवडून यादी काढता येते. एक रविवार घालवला की पुरतो. हे काम पैसे देऊन करून घेण्यासारखं नाही.

आता कागद. इथे चांगलं केंद्र खरोखर उपयोगी पडतं, आणि वाईट केंद्र सगळ्यात जास्त वेळ खातं.

पहिली अडचण नावाची. बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि बाकी दुसऱ्यात. काहींनी पासपोर्ट काढताना आडनावाचा रकाना रिकामाच सोडलेला असतो. अमेरिकेच्या व्हिसावर मग पहिलं नाव अज्ञात असल्याची खूण येते आणि तिथे बँक खातं, परवाना सगळीकडे ती चिकटते. स्पेलिंगचं तसंच. 'दीपक'मध्ये एकीकडे दोन ई, दुसरीकडे एक आय. वडिलांचं नाव कुठे 'राव' लावून, कुठे न लावता. हे अर्जाच्या आधी दुरुस्त करायचं. पासपोर्टसाठी पुण्याला धावायची गरज नाही, कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळला वर २००० रुपये.

जन्मदाखला हा दुसरा. जुन्या दाखल्यांत बाळाचं नावच नसतं, नुसतं 'पुरुष' किंवा 'स्त्री' आणि आई-वडिलांची नावं. इंग्लंडच्या व्हिसासाठी पैसे वडिलांच्या खात्यात दाखवायचे तर हाच दाखला नातं सिद्ध करतो. दाखल्यात नाव घालून घ्यायला ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत वेळ लागतो. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा, शिवाजी विद्यापीठातून काढायची. कॉलेजने दिलेलं पत्र आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परदेशी विद्यापीठ यातली कुठली मागतंय ते अर्जात शब्दशः वाचायचं. एकदाच जाऊन चार-पाच सीलबंद संच घेऊन ठेवले तर विद्यानगरच्या फेऱ्या वाचतात. सीजीपीएचे टक्के कसे होतात याचं विद्यापीठाचं पत्रही त्याच फेरीत मागून घ्या, इंग्लंडची बरीच विद्यापीठं टक्के विचारतात.

जर्मनीला जायचं तर १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागतं. त्याची फी १८,००० रुपये. हे दिल्लीतलं कार्यालय तुमची डिग्री आणि मार्कलिस्ट खरी आहे का ते तपासतं. ऑनलाइन नोंदणी, पैसे, छापील अर्ज आणि कागद कुरिअरने; मुळात एवढंच काम. अर्जांची गर्दी झाली की आठवडे वाढत जातात, त्यामुळे अर्जाची मुदत गाठायची तर हे प्रमाणपत्र आधी हातात पाहिजे. काही ठिकाणी यासोबत अपॉस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून घ्यायच्या सरकारी शिक्क्याचा, खर्च धरतात. एपीएसला अपॉस्टिल लागत नाही. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज ज्या 'उनी-असिस्ट' या मध्यवर्ती संस्थेतून जातात, तिची फी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. केंद्राच्या बिलात 'अर्ज खर्च' म्हणून एक ठोक रक्कम लिहिली असेल तर तिची अशी फोड मागा.

एसओपीबद्दल थोडक्यात. केंद्रातला लेखक दिवसाला चार एसओपी लिहितो, आणि त्या चारही 'लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं' अशाच सुरू होतात. विद्यापीठं साम्य तपासणारी सॉफ्टवेअर वापरतात. विद्यार्थ्याने आपल्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल, त्यात काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं, एवढं साध्या इंग्रजीत दोन पानं लिहावं. केंद्राकडून फक्त व्याकरण तपासून घ्यावं. शिफारसपत्राच्या बाबतीत त्याहून गंभीर प्रकार चालतो: प्राध्यापकांच्या नावाने नवा ईमेल पत्ता उघडून केंद्रातूनच पत्र पाठवणं. हे सरळ बनावटीकरण आहे. सरांना भेटा, कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून पाठवायची विनंती करा, आणि त्यांना तुमच्या मार्कांची व प्रोजेक्टची एक पानाची टिपणी द्या. ते आनंदाने लिहितात.

एका अटीवर मात्र अजिबात तडजोड करू नये. अर्जाचं खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवरून उघडलेलं हवं आणि पासवर्ड तुमच्याकडे हवा. कित्येक केंद्रं स्वतःच्या ईमेलवरून अर्ज भरतात. मग नकार आला की ऑफर आली, स्कॉलरशिप मिळाली की नाही, फी भरायची मुदत कधी, हे ते सांगतील तेव्हाच कळतं. कॅनडात बनावट प्रवेशपत्रांवर गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचं प्रकरण २०२३ मध्ये उघडकीला आलं. त्यातल्या अनेकांनी आपलं प्रवेशपत्र विद्यापीठाशी थेट पडताळलंच नव्हतं. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडाच्या शिक्षणसंस्थांना प्रत्येक प्रवेशपत्राची खात्री तिथल्या इमिग्रेशन खात्याला थेट द्यावी लागते. पण बाकीच्या देशांसाठी ही खबरदारी आपणच घ्यायची. पत्रावरचा क्रमांक घेऊन विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला स्वतः एक ईमेल टाकायचा, बास.

पैशांचं दाखवणं आणि पैशांचं असणं, यातला फरक कोल्हापूरच्या घरांना जास्त त्रास देतो. आपल्याकडे पैसा पतसंस्थेत असतो, सोन्यात असतो, जमिनीत असतो, आणि उसाचं बिल आलं की खात्यात एकदम जमा होतो. व्हिसा अधिकाऱ्याला यातलं काही माहीत नसतं.

इंग्लंडचा नियम असा. कोर्सच्या पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि राहण्याखाण्याचे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे पैसे खात्यात सलग २८ दिवस असले पाहिजेत, आणि स्टेटमेंट अर्जाच्या दिवशी ३१ दिवसांपेक्षा जुनं नको. नोव्हेंबर २०२५ पासून राहण्याचा दर लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड आहे. नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९ पौंड. २८ पैकी एका दिवशीही शिल्लक खाली गेली तर अर्ज नाकारला जातो, कारण पाहणारा सरासरी बघत नाही. सोनं, शेअर, विमा पॉलिसी, जमीन यांची किंमत यात धरत नाहीत. पैसे ज्या संस्थेत आहेत ती नियमनाखाली असावी, नोंदी संगणकावर असाव्यात आणि तिकडून पडताळणी करता यावी, अशी अट आहे. म्हणून पतसंस्थेतल्या ठेवींवर फाइल उभी करू नये. ते पैसे वेळेत मोठ्या बँकेत आणावेत आणि २८ दिवस त्यानंतर मोजावेत.

एकदम जमा झालेल्या मोठ्या रकमेचं उत्तर कागदात तयार ठेवायचं. ऊसबिलाच्या पावत्या, कारखान्याचं पत्र, सातबाऱ्यावर उसाची नोंद आणि सीएचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र एकत्र लावलं तर शेतकऱ्याची फाइल कुठल्याही पगारदाराच्या फाइलइतकी भक्कम होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने आयकर विवरणपत्रात आकडा लहान दिसतो, त्यामुळे ही जोडणी लागतेच. हे ज्याला समजतं तो सल्लागार पैसे देण्यालायक. उलट, महिनाभर तुमच्या खात्यात दुसऱ्याचे पैसे ठेवून देतो म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नये. खोटे कागद पकडले गेले तर इंग्लंडमध्ये १० वर्षं आणि कॅनडात ५ वर्षं बंदी येऊ शकते, आणि ती विद्यार्थ्यावर येते, केंद्रावर नाही.

जर्मनीत हाच प्रश्न ब्लॉक्ड अकाउंटने सुटतो. वर्षाचे ११,९०४ युरो तिथल्या खात्यात आधीच भरायचे, मग महिन्याला ९९२ युरो तुम्हाला परत मिळत राहतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सुमारे १२ लाख. रक्कम मोठी आहे, पण ती तुमच्याच जेवणाखाण्याची आहे, कुणाच्या फीत जात नाही. जर्मनी आणि इंग्लंड यांची तुलना करताना केंद्रं हे बारा लाख 'जर्मनीची फी' असल्यासारखे सांगतात. तिथे त्यांना थांबवा.

कर्जाच्या टेबलावरची सगळ्यात मोठी निराशा शेतजमिनीची असते. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. वसुलीच्या ज्या सर्फेसी कायद्याखाली बँक तारण ताब्यात घेते, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणून पंचगंगेकाठची चार एकर काळीभोर जमीनही या कामी सहसा चालत नाही, आणि शहरातला दोन गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट चालतो. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा मालकी सिद्ध करायला पुरत नाही. प्रॉपर्टी कार्ड लागतं. उताऱ्यावर चुलत्यांची नावं असतील तर सगळ्यांच्या सह्या. हे जमवायला दोन-तीन महिने सहज जातात, आणि फी भरायची मुदत थांबत नाही. म्हणून बँकेची पायरी विद्यापीठाच्या अर्जाच्या आधी चढावी. ऑफर नसली तरी 'आमचं हे तारण चालेल का' एवढं शाखेत विचारता येतं. केंद्राने ओळख करून दिलेली बिनतारण खाजगी कर्जं पटकन होतात, व्याज जास्त असतं.

३० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षांची फेड: महिन्याचा हप्ता ३९,६४५ रुपये. शिकत असताना आणि नंतरच्या सवलतीच्या काळात वर्षाला तीन लाख व्याज चढत राहतं ते वेगळं. हा हप्ता परतून कोल्हापुरात-पुण्यात नोकरी केली तरी भरता येईल का, हे आधी पाहा. तिथे नोकरी लागेलच असं धरून घेतलेलं कर्ज घराला वाकवतं. कर्जातूनच पाठवलेल्या फीवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) कापला जात नाही, हे बँकेत आठवणीने सांगा.

'पार्ट टाइममध्ये खर्च निघतो' हे वाक्य प्रत्येक केंद्रात ऐकायला मिळतं. इंग्लंडचंच गणित करू. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मुभा. २१ वर्षांवरच्यांना एप्रिल २०२६ पासूनचं किमान वेतन ताशी १२.७१ पौंड. आठवड्याला २५४ पौंड, महिन्याला सुमारे ११०० पौंड. म्हणजे दर आठवड्याला पूर्ण २० तास काम मिळालं तरी लंडनबाहेरचा सरकारी १,१७१ चा आकडा गाठला जात नाही. फी तर दूरच. आणि काम मिळायला पहिले दोन-तीन महिने जातात. शिवाय इंग्लंडचं मास्टर्स एका वर्षाचं असतं, त्यातला वेळ दुकानात गेला तर शिकायचं कधी? जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि प्राध्यापकाच्या हाताखाली विद्यापीठातच सहायकाची कामं असतात. तीच धरावीत. त्यातून पैसे मिळतात आणि प्रयोगशाळेत हात बसतो.

इंग्लंडच्या कोटेशनमध्ये आणखी दोन आकडे शोधा. व्हिसा फी (२०२५ मध्ये ती ५२४ पौंड होती) आणि आरोग्य अधिभार. अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे, पण एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा त्याहून काही महिने जास्त मिळतो, त्यामुळे दीड वर्षाचे १,१६४ पौंड भरावे लागतात. बऱ्याच पत्रकांत नुसते ७७६ लिहिलेले असतात. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करायची, साध्या एक्स-रेचा उपयोग नाही. आणि शिक्षणानंतर काम करायची जी दोन वर्षं पाटीवर लिहिलेली असतात, ती १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. सप्टेंबर २०२६ ला मास्टर्सला जाणारा त्यातच मोडतो. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला एकूण ३६ महिन्यांपर्यंत काम करता येतं, पण तिथली मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दोन-तीन मिनिटांत संपते. केंद्रांच्या सराव मुलाखती इथे उपयोगी आहेत, एवढं मान्य करायला हवं. फक्त पाठ करून घेतलेली उत्तरं नकोत. 'हेच विद्यापीठ का' याला दोन वाक्यांत स्वतःचं उत्तर द्यायला शिकवणारा सराव घ्यावा.

पैशांचं एवढं झाल्यावर प्रवासाबद्दल बोलायलाच हवं, कारण परदेशी शिक्षणाचा निम्मा फायदा वर्गाबाहेर असतो आणि केंद्रांत त्याबद्दल कोणी बोलत नाही. इंग्लंडच्या पत्रकावर आयफेल टॉवर छापलेला असतो. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, वेगळा, ९० युरोंचा, आणि त्याची तारीख मिळवायची खटपट वेगळी. जर्मनीचा, फ्रान्सचा किंवा नेदरलँड्सचा राहण्याचा परवाना असेल तर शेंगेनमधल्या बाकीच्या देशांत १८० पैकी ९० दिवस फिरता येतं. जर्मन विद्यापीठांत फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे बहुतेक ठिकाणी व्याख्यानं नसलेले महिने, आणि सत्राच्या वर्गणीत बऱ्याच ठिकाणी स्थानिक रेल्वे-बसचं तिकीट येतं. या महिन्यांत कारखाने, संग्रहालयं, दुसऱ्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळा पाहणारा विद्यार्थी दोन वर्षांत वेगळा होऊन येतो. कामाची पद्धत, वेळेची शिस्त, प्राध्यापकाशी समोरासमोर वाद घालायची मुभा, हे पाहिल्याशिवाय अंगात येत नाही.

करवीरला हे नवं नाही. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्सला, वयाच्या विशीत, त्यांचं निधन झालं. तिथे आर्नो नदीकाठच्या बागेत त्यांची स्मारकछत्री आजही उभी आहे. युरोपात शिकायला जाणाऱ्या कोल्हापूरच्या मुलांनी ती एकदा जरूर पाहावी. आणि राजर्षी शाहू महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनमधल्या शिक्षणाला हात दिला, हे तर इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

शाहू महाराजांच्याच नावाने राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, दरवर्षी ७५ जागा, मास्टर्स आणि पीएचडीला फी, निर्वाह भत्ता, विमानभाडं. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातात. मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी 'सारथी'ची परदेशी शिष्यवृत्ती आहे. दोन्हींना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि केंद्राच्या करारातली कित्येक विद्यापीठं त्या क्रमवारीत बसत नाहीत. म्हणून तिथे हा विषय निघत नाही. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचून, मग विद्यापीठं निवडा. उलट क्रमाने गेलात तर ऑफर हातात असूनही शिष्यवृत्ती हुकते. युरोपातल्या 'इरास्मुस मुंडुस' मास्टर्सची शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, शिवाय किमान दोन देशांत शिकणं बंधनकारक असतं. तिचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुमारास असतात. इंग्लंडच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे डिग्रीनंतर लगेच जायची घाई नसेल तर तो विचार करावा. टाटांची १८९२ पासूनची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे. या कुठल्याच अर्जाला एजंट लागत नाही.

केंद्राशी करार करायचाच तर कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: कोणती कामं, कुठल्या फी तुमच्या आणि कुठल्या सरकारी, व्हिसा नाकारला तर किती पैसे परत, आणि मूळ कागद कोणाकडे राहणार. मूळ मार्कलिस्ट आणि पासपोर्ट केंद्रात ठेवून घेत असतील तर तिथून उठून या. झेरॉक्सवर आणि स्कॅनवर सगळं काम होतं. विद्यापीठाची अनामत रक्कम थेट विद्यापीठाच्या खात्यात भरायची, केंद्राच्या नाही. तिकीट आणि परकीय चलन केंद्रातूनच घ्यायची सक्ती नसते. दर दोन ठिकाणी विचारा.

वेळापत्रक असं धरा. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरला जायचं असेल तर यंदाच्या जून-जुलैत पासपोर्ट आणि नावांची दुरुस्ती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळे लवकर दिली तर बिघडत नाही. दिवाळीआधी ट्रान्सक्रिप्ट, दिवाळीनंतर एपीएस आणि इरास्मुस मुंडुसचे अर्ज. डिसेंबर ते मार्च विद्यापीठांचे अर्ज. तारण चालेल का हे बँकेत त्याआधीच विचारायचं, आणि जानेवारीत तारणाचे कागद. शेवटच्या सत्राचा निकाल लांबला तर प्रोव्हिजनल प्रमाणपत्रासाठी विद्यापीठात लगेच अर्ज, कारण इंग्लंडचं अंतिम प्रवेशपत्र त्यावर अडतं. व्हिसाच्या तारखा जून-जुलैत मुंबईत लवकर भरतात. मिळेल ती सकाळची वेळ घ्या, आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालात तर मुंबईत राहायचा खर्च वाचतो. फाइलमध्ये मूळ कागद एका बाजूला आणि झेरॉक्स दुसऱ्या बाजूला, वकिलातीने दिलेल्या यादीच्याच क्रमाने लावून न्या.